काश्मीर गाडी

23 एप्रिल 2025 च्या संध्याकाळी मी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर गर्दीत उभी होते. आदल्या दिवशी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात ज्या 26 जणांना मारले गेले, त्यांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे होते आणि त्यांचे अंत्यदर्शन घेण्यासाठी शहर तिथे लोटले होते. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कुणी घोषणा देत होते, कुणी त्यांना गप्प करत होते, आणि माझ्या शेजारच्या साठीतल्या बाई पदराने एकसारखी मान पुसत होत्या. गेलेल्या तिघांना मी ओळखत नव्हते. पण डोंबिवलीत ओळख नसणे म्हणजे फार तर मधली एक ओळख राहून जाणे. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या भावाच्या ओळखीत त्यांच्यापैकी एक घर निघालेच. पोटात खड्डा पडला होता आणि रडू येत नव्हते. त्याच वेळी हातातला फोन थरथरला. त्यावर नाव उमटले, ‘काश्मीर गाडी’. शेजारच्या बाईंनी ते वाचले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले. मी फोन पालथा करून छातीशी धरला. तो थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी मी तो बंद करून टाकला.

मी तो फोन घेतला नाही, ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

मे 2023 मध्ये आम्ही आठ दिवस काश्मीरला गेलो होतो तेव्हा श्रीनगरच्या विमानतळावर जो गाडी घेऊन उभा होता, त्याचा नंबर मी घाईघाईने ‘काश्मीर गाडी’ म्हणून साठवला होता. पस्तिशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. ठाणे, पुणे, नाशिक इकडच्या पर्यटकांना फिरवून फिरवून त्याच्या तोंडी मराठी शब्द बसले होते. ‘चला, चला’, ‘सामान राहिले का’, ‘पाणी पाहिजे?’ एवढे तो अगदी आपल्या हेलात म्हणत असे, आणि माझ्या नणंदेला त्याचे फार कौतुक वाटे. पहिल्या दिवशी मी त्याची ‘मॅडमजी’ होते. सहाव्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आल्यावर मी ‘दीदी’ झाले. त्यानंतर दोन वर्षे ईदला त्याचा आणि दिवाळीला माझा फोन ठरलेला होता. त्याचा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने संपत असे, ‘कब आ रहे हो, दीदी?’ त्या प्रश्नात धंदा होता हे मला कळत होते. निव्वळ धंदा नव्हता, हेही कळत होते.

अनंतनागजवळच्या त्याच्या गावी आम्ही गेलो ती दुपार मला आजही जशीच्या तशी आठवते. अंगणात अक्रोडाचे जुने झाड होते आणि त्याच्या बुंध्याशी टेकवलेला जाड लाकडी खोरा होता, हिवाळ्यात छपरावरचा बर्फ लोटायचा. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता, बसायला उश्या होत्या. त्याच्या आईने समोवारमधून, म्हणजे निखाऱ्यावरच्या किटलीतून, गुलाबी चहा ओतला आणि बरोबर नानवाईच्या भट्टीतली ताजी गिरदा रोटी दिली, वरून बोटांच्या रेघा उमटलेली, आतून मऊ. चहाचा रंग पाहून जिभेने गोडाची तयारी केली होती. पहिल्या घोटाला मीठ लागले आणि मी क्षणभर थांबले. म्हातारी ते पाहून मनापासून हसली. तिला हिंदी येत नव्हते. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हात उबदार आणि खरखरीत होते, आणि काश्मिरीत काहीतरी विचारले. मुलगा ते सांगायला तयार होईना. मी आग्रह धरला तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, ‘पूछ रही है, आप लोगों को हमसे डर नहीं लगता?’ मी म्हातारीकडे पाहून मान हलवली आणि ठामपणे ‘नाही’ म्हटले. मराठीतच म्हटले. तिला ते समजले असावे, कारण तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

भागशाळा मैदानावर फोन पालथा करताना मला हा ‘नाही’ आठवला होता. खोटे कशाला सांगू, आठवूनही मी फोन पालथाच ठेवला.

मी शाळेत भूगोल शिकवते. 27 सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन असतो आणि त्या निमित्ताने आमच्याकडे निबंध लिहून घेतात. 2024 साली त्या दिवसासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने ‘पर्यटन आणि शांतता’ हा विषय दिला होता आणि आम्हीही तोच ठेवला. मी फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते. माणसे एकमेकांना भेटतात, गैरसमज गळून पडतात, रोजगार मिळतो, ज्याच्या हाताला काम आहे तो बंदूक उचलत नाही. 1967 हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष होते आणि त्याचे घोषवाक्य ‘पर्यटन, शांततेचे पारपत्र’ असे होते, हेही मी सांगितले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इस्राएल आणि त्याचे अरब शेजारी यांच्यात सहा दिवसांचे युद्ध झाले, हे मात्र मी सांगितले नाही; तेव्हा ते सुचलेही नाही. नववीतल्या एका मुलीने मुद्दे बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने लिहिले होते. तिचे म्हणणे असे की, शांतता असेल तरच लोक फिरायला जातात, तेव्हा पर्यटनामुळे शांतता येते असे म्हणणे म्हणजे छत्र्या उघडल्यामुळे पाऊस पडतो असे म्हणण्यासारखे आहे. मी तिला दहापैकी सहा गुण दिले आणि समासात लिहिले, ‘विषयाला धरून लिहावे.’

एप्रिलनंतर मी ती वही मनातल्या मनात अनेकदा उघडली.

त्या सहलीत आम्ही केरनला गेलो होतो. कुपवाड्याहून पुढे फरकियानची खिंड ओलांडून खाली उतरले की किशनगंगेच्या काठावर हे गाव लागते. नदीच्या पलीकडे पाकिस्तानच्या ताब्यातला भाग आहे आणि तिथे तीच नदी नीलम होते. नदी इतकी अरुंद आहे की पलीकडच्या बाजूला कुणी मुलाला हाक मारली तर ती ऐकू येईल. पाण्याचा आवाज नसता तर आली असती. आम्ही काठावरच्या दगडांवर बसलो होतो आणि पलीकडेही आमच्यासारखेच सहलीला आलेले लोक बसले होते. एक बाई लाल ओढणी सावरत फोनवर आमचे चित्रण करत होती आणि मी तिचे करत होते. मग तिने हात हलवला. मीही हलवला. माझ्या नणंदेने तर उभे राहून दोन्ही हात हलवले आणि पलीकडची दोन मुले उड्या मारू लागली. मागे आपला जवान शांतपणे उभा होता. त्याला हे रोजचेच असावे. मला त्या वेळी फार भरून आले होते. पर्यटनाने शांतता येते याचा याहून वेगळा पुरावा कोणता, असे मला वाटले होते, आणि पुढच्या वर्षीचे फळ्यावरचे मुद्दे मी त्याच भरात लिहिले होते.

आता मागे वळून पाहते तेव्हा त्या दृश्यातल्या गोष्टी वेगळ्या क्रमाने लागतात. 25 फेब्रुवारी 2021 रोजी दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी काटेकोर पाळण्याचे जाहीर केले आणि नियंत्रण रेषेवरचा गोळीबार थांबला. त्याआधीची कित्येक वर्षे तिथल्या माणसांनी बंकर जवळ ठेवून काढली होती. तोफा थांबल्या म्हणून माणसे शेतात गेली, मुले शाळेत गेली, आणि सर्वांत शेवटी, रस्ता सुकल्यावर यावे तशी, आम्ही गेलो. आम्ही हात हलवले म्हणून काही थांबले नव्हते. 7 मे 2025 पासूनच्या चार दिवसांत पूंछ, उरी, करनाह इथे पुन्हा गोळे पडू लागले तेव्हा मी ते चित्रण काढून पाहिले. लाल ओढणीची ती बाई कुठली होती, आता कुठे असेल, काही कळायला मार्ग नाही. त्या मुलीचे छत्रीचे उदाहरण बरोबर होते.

आपल्याकडे काश्मीरला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘आता शांत आहे ना तिकडे?’ मीही विचारला होता. आरक्षण करण्याआधी प्रत्येक जण आपल्याला तो विचारतो, असे आमच्या गाडीवाल्याने सोनमर्गच्या वाटेवर सांगितले होते. ‘मैं ड्राइवर हूँ, दीदी. सवाल गवर्नर वाला पूछते हैं,’ असे म्हणून त्याने गाडीचा वेग थोडा कमी केला होता. त्याला काय उत्तर द्यायचे असते? ‘सेफ है’ म्हणावे तर उद्याचा भरवसा तो कुठून देणार, आणि नाही म्हणावे तर चूल कशी पेटणार? खोऱ्यात अशांततेला लोक ‘हालात’ म्हणतात. ‘हालात के टाइम’, ‘हालात से पहले’, असे काळाचे भाग पडलेले आहेत, जसे आपल्याकडे जुनी माणसे प्लेगाच्या आधी आणि नंतर असे म्हणत. त्याचे वडील पहलगामला घोडा चालवत. 1989 नंतर पर्यटक जवळजवळ नाहीसे झाले तरी त्यांनी घोडा ठेवला होता, कारण गिर्यारोहणासाठी थोडे विदेशी लोक येत होते. जुलै 1995 मध्ये पहलगामच्या वरच्या डोंगरांत सहा विदेशी पर्यटकांचे अपहरण झाले. त्यांतला एक निसटला, एकाचा शिरच्छेद झाला आणि उरलेल्या चौघांचा शोध कधीच लागला नाही. त्या हिवाळ्यात वडिलांनी घोडा विकला. ‘अब्बा उस दिन खाना नहीं खाए’, एवढेच तो त्याबद्दल बोलला. मग ऑगस्ट 2019 मध्ये 370 वे कलम हटवण्याच्या तीन दिवस आधी पर्यटकांना आणि अमरनाथच्या यात्रेकरूंना खोरे सोडण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्याने स्वतः दोन रात्री न झोपता लोकांना विमानतळावर सोडले होते. परत येताना गाडी रिकामी असे आणि फोन मुके झालेले असत.

त्याच्या गाडीत बसून हे ऐकताना मला वाईट वाटले होते, पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती. आम्ही पर्यटक तिथे नुसते पाहुणे नव्हतो, आम्ही आकडा होतो. किती लाख आले, ट्युलिपच्या बागेत किती रांग लागली, गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, तिकिटे किती आधी संपली, यावरून खोऱ्यात शांतता आहे की नाही हे ठरवायची आपल्याला सवय लागली. वर्तमानपत्रांत ते आकडे मोठ्या अक्षरांत यायचे आणि मीही वर्गात अभिमानाने वाचून दाखवायचे. बागेत रांग लावणारा माणूस असा शांततेचा पुरावा ठरला, की तो पुरावा ज्याला पुसायचा आहे त्याला कुठे जायचे हे आयतेच कळते. बैसरनला मोटारीचा रस्ता जात नाही. पहलगामहून घोड्यावर किंवा पायी चढावे लागते. आम्हीही तिथे गेलो होतो. पाइनच्या झाडांनी वेढलेले ते हिरवे मैदान, घोड्यांच्या लिदीचा आणि ओल्या गवताचा वास, मॅगीच्या टपरीवरचा धूर, चेंडूमागे धावणारी अनोळखी मुले. नणंद गवतावर आडवी पडून आकाशाकडे पाहत म्हणाली होती, ‘इथे किती शांत आहे गं.’ ती खरे बोलत होती. आपण ज्याला शांत म्हणतो ते डोळ्यांना आणि कानांना असते. ते तेवढेच पुरते, असे मी आता मानत नाही.

एक रात्र आम्ही दल सरोवरातल्या हाउसबोटीत काढली होती. छताला लाकडाचे लहान लहान तुकडे एकात एक अडकवून केलेले खतमबंद होते आणि पडद्यांना जुन्या सुती कापडाचा वास होता. डोगरा राजवटीत इंग्रजांना खोऱ्यात जमीन विकत घेता येत नसे, म्हणून त्यांनी राहण्यासाठी पाण्यावर घरे थाटली, त्यातून हाउसबोट आली असे सांगतात. मला ती गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. पाहुण्याचे पाय तिथल्या जमिनीला लागतच नाहीत. सकाळी फुले विकणारा शिकाऱ्यातून येतो, केशरवाला शिकाऱ्यातून येतो, चित्रे काढणारा शिकाऱ्यातून येतो, आणि सारे खोरे आपल्या पायरीशी येऊन उभे राहते. आपल्याला वाटते, आपण काश्मीर पाहिले.

तरीही त्या भेटींना काहीच अर्थ नव्हता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बैसरनला मेलेल्यांत एक तिथला घोडेवाला होता. आलेल्या माणसांना वाचवायला पुढे झाला आणि गोळ्या खाऊन गेला. जखमींना पाठीवर घेऊन खाली पळत आलेली मुले तिथलीच होती. दुसऱ्या दिवशी खोऱ्याने दुकाने बंद ठेवली, श्रीनगरच्या अनेक दैनिकांनी पहिले पान काळे छापले, आणि ज्यांची वर्षाची कमाई हंगामाच्या तीन महिन्यांत होते त्या गाडीवाल्यांनी अडकलेल्या लोकांना फुकट विमानतळावर पोहोचवले. हे हुकमावरून होत नाही. इतक्या वर्षांच्या ‘सामान राहिले का’ मधून काहीतरी साचलेले असते, ते त्या दिवशी वर आले. इकडे आपण काय केले, हे मी फक्त माझ्यापुरते सांगू शकते. दर हिवाळ्यात आमच्या इमारतीत एक काश्मिरी शालवाला येतो. पाठीवर गाठोडे, हातात वही, मागच्या वर्षीची उधारी तोंडपाठ. मे महिन्यात सोसायटीच्या सभेत फेरीवाल्यांना बंदी करण्याचा ठराव आला तेव्हा तो कुणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना माहीत होते. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. पर्यटनाने माणसे एकमेकांना भेटतात, असे मी फळ्यावर लिहिले होते. खरे तर आपण त्यांच्याकडे जातो. ते आपल्याकडे आले तर त्याला आपण पर्यटन म्हणत नाही.

मी अनंतनागच्या गाडीवाल्याला 4 मे रोजी, रविवारी फोन केला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. ‘दीदी, आप लोग ठीक हो ना?’ त्याने टीव्हीवर डोंबिवलीचे नाव पाहिले होते. माझा भाऊ आणि वहिनी उन्हाळ्यात तिकडे येणार आहेत, असे मी त्याला जानेवारीत सांगितले होते. तारखा सांगितल्या नव्हत्या. तेवढ्यासाठी तो त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा फोन लावत होता. भाऊ मे महिन्यात जाणार होता, आरक्षण रद्द केले, घरचे सगळे सुखरूप आहेत, असे मी सांगितले. आणि फोन का घेतला नाही, तर नेटवर्क नव्हते असे म्हणाले. ‘हाँ, भीड़ में नहीं लगता’, असे तो समजुतीने म्हणाला, आणि मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. तोपर्यंत सरकारने काश्मीरमधली 87 पैकी 48 पर्यटनस्थळे बंद केली होती. त्याची गाडी अंगणात अक्रोडाखाली उभी होती. कर्जाचा हप्ता होताच. त्याने त्याबद्दल तक्रार केली नाही, आईने सलाम सांगितला आहे म्हणाला.

सप्टेंबरमध्ये शाळेत पुन्हा निबंधाचा विषय निघाला आणि मला राहवले नाही. त्या मुलीला, आता ती दहावीत होती, मी बोलावून घेतले आणि मागच्या वर्षीच्या निबंधाला मी कमी गुण दिले होते असे सांगितले. तिला तो निबंध आठवतही नव्हता. त्याच संध्याकाळी मी अनंतनागला फोन लावला. मागे ठोकाठोकी चालली होती. तो मामाच्या बागेत सफरचंदाच्या पेट्यांना खिळे मारत होता. खोऱ्याचा खरा आधार पर्यटक नव्हे, सफरचंद आहे, हे मी भूगोलात वर्षानुवर्षे शिकवत आले, पण ते कानाने पहिल्यांदा ऐकले. ऑगस्टच्या अखेरीस झालेल्या पावसाने श्रीनगर ते जम्मू महामार्गावर दरडी कोसळल्या होत्या आणि मालाने भरलेले ट्रक काझीगुंडला अडकून पडले होते. ‘सेब गाड़ी में ही सड़ रहा है, दीदी. उसकी बू यहाँ तक आती है.’ त्याच्या आवाजात थकवा होता. मी नेहमीच्या सवयीने विचारणार होते, बाकी शांत आहे ना, आणि शब्द ओठांवर आले असताना थांबले. त्याऐवजी मी त्याला त्या संध्याकाळचे खरे सांगितले. नेटवर्क होते, गर्दीत माझ्या हातातल्या फोनवरचे नाव शेजारच्या बाईंनी वाचले, म्हणून मी घेतला नाही.

ठोकाठोकी थांबली. त्याने बहुधा हातोडी खाली ठेवली असावी. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘मैं भी होता तो शायद नहीं उठाता.’ मग त्याने भावाची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, डोंबिवलीत पाऊस किती झाला ते विचारले. फोन संपत आला तेव्हा मी त्याच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत होते. तो आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने ‘कब आ रहे हो’ असे विचारले नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या ध्यानात आले की इतक्या फोनांमध्ये तो प्रश्न मी त्याला एकदाही विचारलेला नाही. त्याने समुद्र पाहिलेला नाही, हे त्याने केरनच्या वाटेवर मला सांगितले होते. मी विचारले, ‘आप लोग कब आओगे? अम्मी को लेके?’ आमच्या सोसायटीच्या फाटकावर त्याला काय विचारतील, हे विचारतानाच माझ्या मनात येऊन गेले आणि तरीही मी विचारले.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे हसू ऐकले. ‘रास्ता तो खुलने दो, दीदी,’ तो म्हणाला, आणि मागे कुणीतरी पुन्हा खिळे ठोकू लागले.